हिलालअण्णांच्या पुड्या

गेल्या आठवड्यात आमच्या टपालपेटीत कोणीतरी एक रंगीत पत्रक टाकून गेले. दम्यावरील एका चूर्णाची ती जाहिरात होती. वर हिरव्या पानाचे चित्र आणि खाली ठळक अक्षरांत एकच विधान : ‘झाडपाल्याचे औषध, त्यामुळे अपायाचा प्रश्नच नाही.’ उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, कोणता घटक किती याचा उल्लेख नाही. मी त्याच दुपारी संबंधित खात्याला दोन पानी तक्रार लिहिली. पोच आलेली नाही; ती येईल अशा भ्रमातही मी नाही. परंतु लिहिता लिहिता मला हिलालअण्णांची आठवण झाली. हे पत्रक त्यांच्या हाती पडते, तर त्यांनी तक्रार केली नसती. ते उलटे करून मागची बाजू कोरी आहे की नाही, एवढेच पाहिले असते.

हिलालअण्णा सुरतेत माझ्या समोरच्या घरात राहत. ही नव्वदच्या दशकातील गोष्ट. लिंबायतच्या कडेला आमची सोसायटी होती : बैठ्या घरांच्या चार ओळी आणि मध्ये सर्वांच्या मालकीचा मोकळा तुकडा, ज्याला सगळे ‘कॉमन प्लॉट’ म्हणत. विमा कार्यालयाच्या दावे विभागात तीस वर्षे काढून मी निवृत्त झालो होतो आणि सोसायटीचा चिटणीस होतो. गुजरातेत अशा चिटणिसाला ‘मंत्री’ म्हणतात. अण्णांना ते पद फार आवडे. “मंत्रीसाहेब,” ही हाक ते अशा गांभीर्याने मारीत, की तीत थट्टा किती आणि आदर किती, याचा निवाडा मला शेवटपर्यंत करता आला नाही.

ते मूळचे धुळ्याकडचे. बमरोलीच्या एका रंगाई-छपाईच्या मिलमध्ये रंग कालवण्याच्या खोलीचे ते मुख्य होते. तिथे त्या खोलीला ‘कलर किचन’ म्हणत आणि अण्णा तिथले आचारी, असे मिलमधले लोक सांगत. पत्नी वारलेली, एकुलती मुलगी बारडोलीकडे एका ऊसवाल्या घरात दिलेली. उंच, किंचित वाकलेला देह, पांढरा सदरा, आणि कधीही एका रंगाची नसलेली नखे. त्यांच्या नखांवरून बाजाराचा अंदाज येई. नखे राणी रंगाची झाली की समजावे, येत्या लग्नसराईत साड्या राणी रंगाच्या निघणार. माझी पत्नी साडी घ्यायला निघण्यापूर्वी खिडकीतून त्यांच्या हातांकडे पाहून घेत असे, हे मला फार उशिरा कळले.

हे गृहस्थ पहाटे मिलमधून आले की थेट कॉमन प्लॉटमध्ये शिरत. तिथे त्यांनी कोणालाही न विचारता झाडे लावली होती. अडुळसा, जास्वंद, सदाफुली, निर्गुडी, झेंडूच्या रांगा, एका कोपऱ्यात बेलाचे रोप, आणि दुसऱ्या टोकाला पिवळी कण्हेर व काळा धोतरा. सामाईक जागेचा वैयक्तिक वापर हा उपविधींचा उघड भंग होता. मी त्यांना पहिले पत्र लिहिले. सात दिवसांची मुदत दिली. ते पत्र घेऊन दुपारी ते माझ्या दारात आले. “कागद मिळाला, मंत्रीसाहेब. अक्षर फार चांगलं आहे,” एवढे बोलून गेले. झाडे तिथेच राहिली. मी दुसरे पत्र लिहिले. मग तिसरे. प्रत्येक पत्र मिळाल्याचे ते स्वतः येऊन सांगत आणि अक्षराची स्तुती करीत. असा प्रतिवादी मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता.

मी पाचव्या पत्रापर्यंत आलो होतो तेव्हा माझ्या पत्नीला खोकल्याने धरले. एके दिवशी ती पाण्यात अडुळशाची वाळलेली पाने उकळताना दिसली. ओट्यावर एक उघडी पुडी पडली होती. तिच्या कागदावर माझ्याच हस्ताक्षरात लिहिलेले होते : ‘...अन्यथा आपणांविरुद्ध नियमानुसार कार्यवाही करणे भाग पडेल.’ मागच्या कोऱ्या बाजूला, रंगाने डागाळलेल्या अक्षरांत : ‘अडुळसा. सहा पुड्या. रोज एक. गरोदर बाईला नाही.’

मी तो कागद घेऊन तसाच त्यांच्याकडे गेलो. ते दारात बसून एका लहान पितळी तराजूत पाने तोलत होते. मिलमधल्या वजनाच्या सवयीने त्यांचा जन्म व्यापला होता. मूठभर, चिमूटभर, अंदाजे, हे शब्द त्यांच्या तोंडी नव्हते.

“हे काय आहे, अण्णा?”

“पुडी.”

“हे माझे पत्र आहे!”

“हो ना. तुमचा कागद चांगला, मंत्रीसाहेब. मागची बाजू कोरी, शाई फुटत नाही. लोक वर्तमानपत्रात औषध बांधतात. ती काळी शाई कशाची असते, मला विचारा. मी रंगातला माणूस आहे.” त्यांनी तराजूचा काटा स्थिर होऊ दिला. “आणि बघा, तुमचं म्हणणं आता घरोघर पोहोचलं.”

ते खरे होते. चार ओळींतील निम्म्या घरांत माझ्या ताकिदी तुकड्यातुकड्यांनी पोहोचल्या होत्या, खोकल्याच्या औषधासह आणि केसांच्या तेलात घालायच्या जास्वंदीसह. यानंतरची पत्रेही मी कागदाच्या एकाच बाजूला लिहीत राहिलो. त्याचे कारण मी स्वतःलाही सांगितले नाही.

औषध देण्यापेक्षा नाकारण्याची त्यांना अधिक हौस होती. मागायला आलेल्याची ते उलटतपासणी घेत : वय काय, दुसरे कोणते औषध चालू आहे, पोटात दुखते ते वर की खाली, डॉक्टर काय म्हणाला. शेवटी बहुधा “तू दवाखान्यात जा,” असे सांगत. जे देत, ते आधी स्वतःच्या पोटात गेलेले असे. रंगाच्या कामात कापडाच्या तुकड्यावर रंग चढवून पाहिल्याखेरीज सबंध ताक्याला रंग लावत नाहीत, त्याच नेमाने ते म्हणत, “आधी चिंधी, मग ताका. चिंधी मीच.”

मला मधुमेह आहे. कचेरीतल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या सांगण्यावरून मी रोज सकाळी सदाफुलीची सात फुले चावून खाऊ लागलो होतो, आणि ती ज्या बागेविरुद्ध मी पत्रे लिहीत होतो त्याच बागेतून तोडीत होतो. तिसऱ्या आठवड्यात अण्णांनी मला पकडले.

“डॉक्टरांची गोळी चालू आहे?”

“आहे.”

“डॉक्टरांना ह्या फुलांचं सांगितलं?”

मी हातातली फुले खिशात टाकली.

“मंत्रीसाहेब, मी चार रोपं लावली तर तुम्ही ठराव मागता. पोटात रोज सात फुलं चालली आहेत, त्याचा ठराव कुठे आहे?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “ह्या झाडातून मोठ्या रोगाची औषधं निघतात असं ऐकलंय. म्हणजे ह्यात मोठं विषही असणार. जो रंग फार चढतो, तो आम्ही हाताने घालत नाही, तोलून घालतो.”

प्लेगची साथ आली त्या वर्षी अर्धी सुरत रातोरात रिकामी झाली. जे राहिले, त्यांतले कितीतरी जण तोंडाला रुमाल बांधून अण्णांच्या दाराशी उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी काहीही वाटले असते तरी लोकांनी ते डोळ्यांना लावून गिळले असते. अण्णा दारात उभे राहून प्रत्येकाला एकच सांगत होते : “ह्या रोगाचं झाड माझ्याकडे नाही. सरकारी दवाखान्यात कॅप्सूल देतात. रांगेत उभं राहा.” आणि मग कुलूप लावून ते स्वतः त्या रांगेत जाऊन उभे राहिले, म्हणजे निदान आपल्याला पाहून तरी लोक येतील. त्या दिवशी मला हा मनुष्य प्रथमच कायद्याचा वाटला.

झाडांकडून औषधाहून मोठे काम शेतात करून घ्यावे, असे त्यांचे मत होते. जावयाच्या वांग्यांच्या ओळींत त्यांनी झेंडू लावायला लावला, कारण झेंडूच्या सान्निध्यात मुळांवर गाठी धरणारी कीड कमी होते. कण्हेर, धोतरा, निर्गुडी असा कडू पाला पिंपात कुजवून त्याचे पाणी ते मावा पडलेल्या भेंडीवर शिंपडायला नेत. ती दोन विषारी झाडे त्यांनी लावली होती ती त्या पिंपासाठी. एकदा ते मलाही बरोबर घेऊन गेले. उसाच्या लागणीपूर्वी जावयाने हिरवळीच्या खतासाठी रानात ताग पेरला होता आणि तो नुकताच फुलू लागला होता. कमरेइतक्या हिरव्या पिकावर पिवळ्या फुलांची झालर आली होती.

“आज नांगर घाल,” अण्णा म्हणाले.

जावयाचा चेहरा उतरला. “अण्णा, आत्ता तर कुठं फुललाय. पंधरा दिवस राहू द्या. बी पण धरेल.”

“फुलला म्हणूनच आज. आता कोवळा आहे, मातीत कुजेल. पंधरा दिवसांनी काठ्या होतील.”

जावयाने बैल जुंपले नाहीत. अण्णांनी वाद घातला नाही. रानाच्या मधोमध जाऊन त्यांनी एक खुंटी ठोकली आणि म्हणाले, “इकडे माझं ऐक, तिकडे तुझं कर. चिंधी होऊन जाऊ दे.” मग बांधावर बसून त्यांनी अर्धे फुललेले रान मातीखाली जाताना पाहिले. मला ते पाहवेना. ते मात्र तराजूचा काटा पाहावा तसे पाहत होते. पुढच्या वर्षी त्या रानात ऊस उभा राहिला, तेव्हा खुंटी कुठे होती हे कोणाला सांगावे लागले नाही. जावयाच्या बाजूचा ऊस अण्णांच्या बाजूच्या खांद्याला लागत होता. जावयाने तो विषय पुन्हा काढला नाही, आणि अण्णांनीही नाही.

आता जे सांगायचे आहे, त्यात माझा दोष आहे; म्हणून ते क्रमाने सांगतो.

माझ्या सातव्या पत्रात मी अशी मागणी केली, की बाग काढायची नसेल तर निदान विषारी झाडे तरी पक्के बांधकाम करून वेगळी करावीत, म्हणजे मुलेबाळे व गुरे त्यांच्यापर्यंत जाणार नाहीत. मागणी निर्दोष होती. आजही ती वाचली तर मला तीत एक शब्द बदलावासा वाटत नाही. अण्णांनी आयुष्यात प्रथमच माझे पत्र अमलात आणले. कण्हेर आणि धोतरा यांच्याभोवती त्यांनी विटांचा गुडघाभर उंच, गोल ओटा बांधला, आणि मुंग्या लागू नयेत म्हणून त्याला चुना फासला.

पांढराशुभ्र गोल ओटा. मध्ये पिवळी कण्हेर आणि धोतरा, दोन्ही महादेवाला वाहण्याची फुले. पुढच्याच सोमवारी ओट्यावर तापीतला एक गुळगुळीत काळा दगड येऊन बसला होता. त्याला गंध लावलेले होते. त्याच्या पुढच्या सोमवारी तांब्या आला, आणि श्रावणात घंटा.

दगड कोणी ठेवला, हे सर्वांना ठाऊक होते. कोपऱ्यातल्या घरातील कमलबाई. खानदेशी बाई, वय पंचेचाळीसच्या आसपास, नवरा लूमवर. ती घरी साड्यांचे गठ्ठे आणून त्यांचे लोंबते धागे कापण्याचे काम करी. गळ्यात दोरीला लहानशी कातर सदैव लटकत असे आणि जीभ त्या कातरीहून धारदार होती. तिला दमा होता. मागे एकदा तिने अण्णांकडे धोतऱ्याची पाने मागितली होती. ती दोघे आपसांत अहिराणीत बोलत; मी साताऱ्याकडचा असूनही एवढे मला कळले होते :

“मन्हा बाप धोतरानी बिडी ओढे. त्याले आराम पडे.”

“कितला वरीस ओढी?”

“मरे तोवर.”

“तेच सांगस मी,” अण्णा म्हणाले, आणि पान दिले नाही.

मी त्या दगडाविरुद्ध नोटीस काढायला बसलो. परंतु नोटीस बजावावी कोणावर? दगड कोणी आपला म्हणेना. कमलबाई म्हणाली, देव आपला आपण आला. मी सोसायटीच्या सभेपुढे विषय ठेवला, तेव्हा सभासद जमिनीकडे पाहत राहिले. अण्णांनी ती झाडे काढून न्यायची म्हटली, तर बायका ओट्यावर चढून बसल्या. तेव्हापासून ते दर सोमवारी रातपाळी संपताच न झोपता ओट्याजवळ उभे राहू लागले. येणाऱ्या प्रत्येकीला सांगत, “वाहा, पण खाऊ नका. हात धुवा.” बायका हसत. देवाचा पहारेकरी, असे त्यांना नाव पडले.

महाशिवरात्रीच्या दिवशी मिलमध्ये काम निघाले आणि ते दुपारी बाराला आले. कमलबाईच्या दारात गर्दी होती. ती भिंतीला टेकून बसली होती, चेहरा लाल, आणि दोन्ही हातांनी हवेतले धागे चिमटीत धरून कापीत होती. समोर साडी नव्हती, गळ्यात कातरही नव्हती. बोटे मात्र चालत होती. एक धागा, दुसरा, तिसरा. मध्येच ती कोणाशी तरी बोले, त्याला हसे. एक बाई हात जोडून म्हणाली, “अंगमा देव उना!” अंगात देव आला असे समजून दुसरीने तिच्या पायांवर डोके ठेवले.

अण्णा गर्दीतून पुढे गेले. त्यांनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. बुबुळाचा काळा गोल डोळाभर पसरला होता. तोंड उघडून पाहिले. जीभ कोरडी होती. ते ओट्याकडे गेले, धोतऱ्याचे खोड खालपासून वरपर्यंत चाचपून पाहिले, एक फांदी मोडून घेतली आणि मला म्हणाले, “मंत्रीसाहेब, रिक्षा.”

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारण्यापूर्वीच त्यांनी ती फांदी टेबलावर ठेवली. “ये खाया है. दो पत्ता. दो डंठल ताजा टूटे हैं. दो घंटे से जादा नहीं हुआ.” डॉक्टर फांदीकडे, मग अण्णांच्या जांभळ्या नखांकडे पाहत म्हणाले, “आप वैद्य हैं?” अण्णा म्हणाले, “नहीं. मैंने लगाया है.”

तिसऱ्या दिवशी कमलबाई घरी आली. श्वास आखडला होता, उपासाचा दिवस होता, आणि देवाच्या झाडाचे पान बाधणार नाही, या भरवशावर तिने दोन पाने प्रसाद म्हणून खाल्ली होती. कोणालाही वाटेल की एवढ्याने लोक शहाणे झाले असते. मी तसे पत्रकही काढले. झाले ते उलटेच. मरता मरता देवाने तिला राखले, ही वार्ता पलीकडच्या गल्ल्यांत गेली आणि दमेकरी तिथूनही येऊ लागले. येताना नारळ आणीत, जाताना पान मागत. अण्णा आता सोमवारीच नव्हे, रोज उभे राहू लागले. लोक मूर्ख आहेत, असे मी त्यांना संतापून म्हणालो. त्यांनी मान हलवली. “लोक नाही, मंत्रीसाहेब. विटा माझ्या, चुना माझा. एवढा चांगला ओटा बांधल्यावर तिथे देव नाही येणार तर काय?” पत्र कोणाचे होते, हे ते बोलले नाहीत.

त्याच उन्हाळ्यात त्यांनी मिल सोडली. कोणी सोडायला सांगितले नव्हते. एका नमुन्यात त्यांना दोन निळे रंग एकसारखे दिसले आणि हाताखालच्या पोऱ्याने चूक दाखवली, एवढेच झाले होते. “चिंधीवर चुकलो. ताक्यावर चुकायच्या आत निघालेलं बरं,” असे मालकाला सांगून ते घरी आले. मुलीकडे बारडोलीला जायचे ठरले. परंतु जाता येईना. ते गेल्यावर त्या ओट्याजवळ उभे कोण राहणार? झाडे काढल्याशिवाय जाणे म्हणजे कोणाच्या तरी मरणाची सोय करून जाणे, आणि ती झाडे आता देवाची झाली होती.

श्रावणाच्या तोंडावर ते माझ्याकडे आले. पायरीवर बसले. “मंत्रीसाहेब, एक पत्र हवंय.”

इतक्या वर्षांत त्यांनी काही मागण्याची ती पहिली वेळ.

“बेलाच्या झाडाभोवती ओटा बांधायला परवानगी द्या. लेखी. सही-शिक्क्यासह.”

बेल त्यांनीच लावलेला, आता माणसाहून उंच झाला होता. त्याच्या पानाफळाने कोणी मरणार नव्हते. झालेच तर पोट बांधले गेले असते. माझ्या लक्षात सर्व आले. लक्षात हेही आले, की सामाईक जागेवर देवाच्या बांधकामाला परवानगी देण्याचा अधिकार मला कोणत्याही उपविधीने दिलेला नाही. मी ते त्यांना कलमासह सांगितले. त्यांनी ऐकून घेतले.

“कागद नसला तर उद्या दुसरा मंत्री येईल आणि तो देव तिथून उठवेल. उठलेला देव पुन्हा कुठे बसेल, सांगता येतं का?”

मी ते पत्र लिहिले. बेकायदा मजकूर मी आयुष्यात तेवढा एकच लिहिला. आणि त्याला शोभेल असे उत्तम अक्षर काढले.

मग ते कमलबाईकडे गेले. त्यांनी मला साक्षीला नेले होते. ती साड्यांच्या ढिगात बसली होती. हातातले काम न थांबवता म्हणाली, “अण्णा, देवले हात लावू नका, सांगी ठेवस.”

“मी नही लावत. तूच उचल. बेल मोठा व्हयना, तठे सावली शे. देवले ऊन लागस.”

“देवनी सपनमा येईसन सांगं का तुमले?”

एक ‘हो’ म्हटले असते तर काम झाले असते. मी मनातल्या मनात त्यांना ते म्हणायला सांगत होतो. पण अण्णांनी खोटी चिंधी कधी दाखवली नव्हती.

“नही,” ते म्हणाले. “देव नही बोलना. मीच सांगस. तुन्हा पोटमा जे गयं, ते मन्हं व्हतं, कमलबाई. देवनं नही.”

कातर थांबली. त्या घरात ती थांबलेली मी प्रथमच ऐकली. हवेतले धागे तिला आठवत होते की नाही, कोण जाणे. मग ती मला म्हणाली, “साहेब, कागद शे ना पक्का?”

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी देव निघाला. कमलबाईने दगड पदरात घेतला. पुढे घंटा, मागे बायका, अनवाणी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंतर असेल पन्नास पावलांचे, पण त्यांनी त्याला पाऊण तास लावला. नव्या ओट्याला अण्णांनी आदल्या दिवशी चुना दिला होता. देव बसल्यावर ते म्हणाले, “वाचा, मंत्रीसाहेब. तुमच्या वाचण्याला वजन आहे.” मी परवानगीपत्र मोठ्याने वाचले. वाचून होताच कमलबाईने ते माझ्या हातातून घेतले आणि माझ्या सहीवर कुंकवाचे बोट टेकवले. पुढे तिने ते काचेत मढवून घेतले. माझ्या पत्रांपैकी पुडी न झालेले ते एकच.

दुपारी सगळे प्रसादाला बसले असताना अण्णा जुन्या ओट्यापाशी एकटेच होते. त्यांनी विटा काढल्या, कण्हेर आणि धोतरा मुळांसकट उपटले. मग वीतभर खोलीपर्यंतची माती काढून छपाईच्या जुन्या जाळीतून ती ओंजळीओंजळीने चाळली आणि धोतऱ्याचे एकेक बी वेचून घेतले. ते तीन तास चालले. त्या जागी त्यांनी झेंडू लावला.

मी म्हणालो, “अण्णा, बाकीची बाग राहू द्या.” इतक्या पत्रांनंतर हे वाक्य माझ्या तोंडून निघाले. त्यांनी हातातील माती झटकली. “लेखी द्या,” ते म्हणाले, आणि हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. एक ट्रंक, वळकटी, तराजू, असे सामान रिक्षाच्या मागे ठेवले. उपटलेल्या झाडांचे पोते मात्र त्यांनी मांडीवर घेतले. मी म्हणालो, ते कचऱ्यात टाकू, कशाला वाहून नेता? “उकिरड्यावर शेळी खाईल. जाळलं तर धूर कोणाच्या तरी नाकात जाईल. जावयाच्या पिंपात घालतो, भेंडीच्या कामी येईल.” ते आत बसले. मी हात जोडले, त्यांनी पोत्यावरचा एक हात उचलला.

पोत्याच्या तोंडातून कण्हेरीचे एक पिवळे फूल बाहेर आले होते, अजून ताजे. रिक्षावाल्याच्या समोरच्या काचेवर महादेवाची तसबीर होती. त्याने वळून ते फूल पाहिले आणि तोडण्यासाठी सहज हात मागे केला. अण्णांनी पोते दुसऱ्या मांडीवर घेतले, फूल बोटाने आत सारले आणि पोत्याचे तोंड मुठीत आवळून धरले. रिक्षा वळेपर्यंत मी पाहत होतो. ती मूठ सैल झालेली मला दिसली नाही.